पाळी येऊन गेल्यासारखी वाटते, तरी दिवस गेले असतील का?

अबोली | १४ ऑगस्ट, रात्री ११:१२

वय २७, लग्नाला दीड वर्ष झालं, पुण्यात नोकरी करते. आणखी दोन वर्षं तरी मूल नको असं दोघांनी ठरवलंय, म्हणून कंडोम वापरतो. माझी पाळी २८ ते ३० दिवसांनी येते आणि चार दिवस असते. आजवर फारशी कधी चुकली नाही.

शेवटची पाळी १२ जुलैला आली. २५ जुलैच्या रात्री कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ७२ तासांची गोळी (तातडीची गर्भनिरोधक) घेतली. १ ऑगस्टला अंगावरून गेलं. रंग तपकिरी-लाल होता, दोन दिवस थोडंथोडं चाललं, एक पॅडसुद्धा धड भरलं नाही. एरवी पहिल्या दिवशी माझी कंबर धरते, तशी धरली नाही. पाळी लवकर आली असेल असं समजून मी तो विषय सोडून दिला.

आज सासूबाईंचा साताऱ्याहून फोन आला. या वर्षी गौरी आमच्या घरी आहेत, तर "तुझी तारीख बघून ठेव, नाहीतर पुढे ढकलायची गोळी आणून ठेव" म्हणाल्या. कॅलेंडर घेऊन बसले आणि मोजायचं कुठून हेच कळेना. १२ जुलैपासून मोजलं तर पाळी चुकून तीन-चार दिवस झाले. १ ऑगस्टपासून मोजलं तर ती नेमकी गौरींच्या दिवसांत येणार. त्यात दोन दिवस झाले छाती जड वाटतेय, पोट फुगल्यासारखं आहे.

१ ऑगस्टचं ते पाळी धरायचं का? दिवस गेले असतील आणि मी पाळी ढकलायची गोळी घेतली तर? नवरा म्हणतो सरळ टेस्ट कर. पण लवकर केली आणि खोटं निगेटिव्ह आलं तर मी निर्धास्त होऊन बसेन, ही भीती वाटते.

बकुळ | १४ ऑगस्ट, रात्री ११:३५

अगं, आधी श्वास घे. ती गोळी घेतल्यावर माझी पाळी चांगली आठवडाभर लांबली होती, आणि दिवस गेले नव्हते. छाती जड होणं, पोट फुगणं हे पाळीच्या आधीही होतं आणि दिवस गेल्यावरही होतं, त्यावरून काहीच ठरत नाही. आज झोप, उद्या टेस्ट कर. नवऱ्याचं बरोबर आहे.

चिंचगूळ | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

आमच्याकडे पाळी अडकली की कच्च्या पपईची भाजी, तीळ-गूळ आणि ओव्याचा काढा देतात. दोन-तीन दिवसांत येते. करून बघ, घरचंच आहे.

दवाखाना_सुटल्यावर | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, लहान शहरात प्रॅक्टिस करते. असेच कॅलेंडर हातात घेऊन माझ्यासमोर बऱ्याच जणी बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अबोली, तुम्ही तारखा नीट दिल्यात त्यामुळे सांगणं सोपं आहे. १ ऑगस्टचं रक्त पाळी म्हणून मोजू नका. पाळी हा एका क्रमाचा शेवट असतो. आधी बीज सुटतं, मग साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं राहतं, गर्भ राहिला नाही की ते उतरतं आणि गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं. तुम्ही घेतलेल्या गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल असतं, १.५ मिलिग्रॅम. तेही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं. ते शरीरात एकदम वाढतं आणि थोड्याच दिवसांत उतरतं, त्या धक्क्याने अस्तराचा थोडा भाग सुटतो. गोळीनंतर आठवडाभरात डाग पडतात ते बहुतेक याचेच. पण गर्भ अस्तराला चिकटतो तेव्हाही काहींना थोडं रक्त दिसतं, आणि ते बीज सुटल्यानंतर ६ ते १२ दिवसांत होतं. तुमची तारीख नेमकी दोन्हीकडे बसते. म्हणून रंग बघून, पॅड बघून ठरवायला जाऊ नका. मलाही ठरवता येणार नाही.

ही गोळी मुख्यतः बीज सुटणं लांबवते. १२ जुलै हा पहिला दिवस धरला तर २५ तारखेला तुमचा चौदावा दिवस होता, म्हणजे बीज सुटण्याचा ऐन काळ. सुटलं नव्हतं तर गोळीने ते मागे ढकललं असेल, आणि मग पाळीही तेवढीच मागे जाणार. आधीच सुटून गेलं होतं तर गोळीचा फारसा उपयोग झाला नसेल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, त्यामुळे टेस्टला पर्याय नाही.

आता टेस्ट कधी. ज्यांची पाळी तारखेला येते त्यांनी ती चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून करावी. ज्यांची तारीखच लागत नाही, किंवा गोळीने बिघडली आहे, त्यांनी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजावेत. तुमचे २१ दिवस आज पूर्ण होतात. सकाळची पहिली लघवी घ्या, रात्री उठून लोटाभर पाणी पिऊ नका. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि तिथे दिलेल्या वेळातच वाचा, बहुतेक पट्ट्यांवर ती ५ मिनिटं असते. त्या वेळात दुसरी रेघ कितीही फिकट उमटली तरी पॉझिटिव्हच. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून पाहिलेली रेघ धरायची नाही. २५ तारखेनंतर विनाकंडोम संबंध आला नसेल आणि आज निगेटिव्ह आलं, तर दिवस गेलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. तरी आठवडाभरात पाळी आली नाही तर पुन्हा एकदा करा आणि जवळच्या डॉक्टरांना भेटा.

पाळी ढकलायच्या गोळीबद्दल माझं मत कडक आहे. त्यात नॉरइथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. दिवस गेले नाहीत याची खात्री होईपर्यंत ती घ्यायचीच नाही. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. तारीखच माहीत नसेल तर सुरू कुठून करणार? शिवाय त्या मात्रेत ती गर्भनिरोधक नाही, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर अजिबातच नाही. सणासुदीच्या आधी मेडिकलवाले ही गोळी बिस्किटासारखी देतात त्याचा मला फार त्रास होतो. रक्तदाब नाही, पूर्वीचा आजार नाही, काही विचारत नाहीत.

चिंचगूळ, पपईने पाळी येते असं वाटतं कारण ती येणारच असते. तीळ-गूळ खाऊन नुकसान काही नाही. पण दिवस गेले असतील तर काढ्याने प्रश्न सुटत नाही, नुसते आठवडे निघून जातात आणि मग सगळंच अवघड होतं.

अबोली | १५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच नवऱ्याने पट्टी आणून ठेवली होती. एकच रेघ आली, निगेटिव्ह. त्यानंतर तसा संबंध आलेला नाही. पाळी अजून नाही, थांबते. सासूबाईंना काय सांगायचं ते बघते. मनापासून आभार.

आशा_गेवराई | १५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. गावात मेडिकल नसतं, असलं तरी तिथं दीर-भाचे बसलेले असतात, मग बाई पट्टी मागणार कशी? आमच्याकडे सरकारचं निश्चय किट असतं, फुकट. आशाताईला नुसतं सांगायचं, ती घरी आणून देते आणि कुणाला कळत नाही.

माझ्या बायांचा नेहमीचा प्रश्न असतो, "ताई, अंगावरून गेलं ना, मग पोट कसं राहिलं?" मी सांगते की पहिल्या तीन महिन्यांत दर चारातल्या एकीला थोडंफार जातंच. त्यातल्या पुष्कळ जणींचं पुढे सगळं सुखरूप होतं. म्हणून मी सगळ्यात आधी विचारते, ह्या वेळचं नेहमीसारखं होतं का? कमी होतं, रंग निराळा होता, तारखेच्या आधीच आलं होतं, असं म्हणाली की मी किट काढते.

मुलाला अंगावर पाजणाऱ्या बायांचंही तसंच. बाळ सहा महिन्यांच्या आत, नुसत्या आईच्या दुधावर, आणि पाळी सुरू झालेली नाही, ह्या तिन्ही गोष्टी असतील तरच दिवस जाणार नाहीत याचा भरवसा. बाळाला वरचं सुरू केलं की तो संपला. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे बाळंतपणानंतर एकदाही पाळी न येता दुसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाया मी बघितल्यात.

माहेरवाशीण | १५ ऑगस्ट, रात्री ९:०५

या धाग्यात एक गोष्ट लिहायलाच हवी. माझ्या धाकट्या जावेची.

तिची पाळी आठवडाभर लांबली, मग आली. थोडीच, पण दिवसभर कधी थांबायची, कधी सुरू. तिने पाळीच धरली. तिसऱ्या दिवशी ओटीपोटात डावीकडे दुखायला लागलं. संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती सारखा उजवा हात डाव्या खांद्यावर नेत होती. पिठाचा हात, ब्लाउजवर पांढरे ठसे उमटले होते. मी विचारलं तर म्हणाली खांदा भरून आलाय, ओझं उचललं असेल. सासूबाईंनी बाम चोळून दिला. अर्ध्या तासाने ती ओट्याशी खाली बसली आणि तिथेच आडवी झाली. तोंड पांढरं फटक, कपाळावर घाम.

१०८ बोलावली. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. पोटात रक्त साचलं होतं. रातोरात ऑपरेशन झालं, रक्ताच्या बाटल्या लागल्या, जीव वाचला. खांदा का दुखला ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला लागतं आणि तिथल्या शिरेचं दुखणं खांद्यात जाणवतं.

आमच्या घरात कुणालाही हे माहीत नव्हतं. म्हणून लिहितेय. पाळी लांबून थोडीशीच आली, एका बाजूला दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर येतेय, असं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

दवाखाना_सुटल्यावर | १५ ऑगस्ट, रात्री १०:३०

माहेरवाशीण, तुम्ही फार मोठं काम केलंत हे लिहून. जाऊबाईंना नमस्कार सांगा.

यातच एक जोडते. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, कुणाकडून तरी मागवून घेऊ नका. नळीतल्या गर्भावर त्या चालत नाहीत, पण रक्त जातं आणि बाईला वाटतं काम झालं. आपल्याकडे या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच चालतात. त्या घेण्याआधी गर्भ कुठे आहे हे पाहणं महत्त्वाचं.

आणि कारण कुठलंही असो, तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास असं चाललंय, तर थेट रुग्णालय.

लेस्टरकर | १६ ऑगस्ट, पहाटे २:१०

इथे इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानातच एका बंद खोलीत फार्मासिस्ट बोलावून घेतात, शेवटची पाळी कधी, इतर औषधं कोणती, सगळं विचारतात आणि मगच ती तातडीची गर्भनिरोधक गोळी देतात. २१ दिवसांचा नियम मलाही तिथेच कळला. यूलिप्रिस्टल नावाची तशीच एक गोळी संबंधानंतर पाच दिवसांपर्यंत चालते. तांबी (कॉपर-टी) पण पाच दिवसांत बसवली तर दिवस राहू देत नाही, आणि या सगळ्यात तीच सर्वात खात्रीची, असं मला सांगितलं. तांबी तर भारतातही सगळीकडे मिळते, पण तातडीच्या वेळी ती वापरता येते हे कुणी बोलत नाही.

अनामिक | १६ ऑगस्ट, दुपारी ४:२२

माझं लग्न झालेलं नाही, वय २१. मला पीसीओडी आहे, दोन-दोन महिने पाळी येत नाही. त्यामुळे काही झालं तरी मला कळणारच नाही असं वाटत राहतं. आणि उद्या खरंच काही झालं तर डॉक्टर नवऱ्याचं नाव विचारतील, घरी फोन करतील, म्हणून मी कुठे जातच नाही. सोनोग्राफीचे जुने रिपोर्टसुद्धा आईच्या कपाटात आहेत.

दवाखाना_सुटल्यावर | १६ ऑगस्ट, रात्री १०:१५

पीसीओडीत बीज क्वचित सुटतं, पण सुटतं. कधी, ते आधी कळत नाही. म्हणून दर वेळी गर्भनिरोधक हवंच, आणि शंका आली तर २१ दिवसांचा हिशोब लावा, पाळीची वाट बघत बसू नका.

एरवी २४ ते ३८ दिवसांत कधीही येणारी आणि आठ दिवसांच्या आत थांबणारी पाळी नेहमीचीच समजायची. तुमची त्याहून फार लांबते, म्हणून औषधोपचार हवेत. थायरॉईड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. अस्तर वर्षानुवर्षं बाहेर न पडता जाडच होत राहणं चांगलं नाही. रिपोर्ट कपाटात असतील तर राहू देत, तपासण्या नव्याने करता येतात.

वकिलीणबाई | १६ ऑगस्ट, रात्री १०:५०

अनामिक, कायद्याचं मी सांगते. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. गर्भनिरोधक फसल्यामुळे गर्भ राहिला या कारणासाठी आधी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं लिहिलेलं होतं, त्याजागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचं लागतं, आणि त्यातून अविवाहित मुलींना वगळता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला दिला.

तू १८ पूर्ण आहेस. संमती फक्त तुझी लागते, आईवडिलांची नाही, कुणा 'नवऱ्या'ची तर नाहीच. तुझं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. १८ च्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात डॉक्टरने तिचं नाव द्यायची गरज नाही, हेही याच निकालात आहे. कुठल्या दवाखान्यात आडनाव विचारून उपदेश करायला लागले तर उठून दुसरीकडे जा. चांगले डॉक्टर आहेत.

अनामिक | १६ ऑगस्ट, रात्री ११:०४

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी जाते. थँक्यू ताई, थँक्यू डॉक्टर.

सुपारीची_वाडी | १८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

वय ४४, रत्नागिरीकडची. दोन महिने पाळी नव्हती, आता दहा दिवस थांबायचं नाव नाही. शेजारीण म्हणते पाळी जायची वेळ झाली, आणि आता दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या-बिळ्या कशाला हव्यात. एका डॉक्टरांनी पिशवी काढून टाका असं सांगितलं. सोनोग्राफीत लहान गाठ आहे.

आशा_गेवराई | १८ ऑगस्ट, दुपारी २:००

ताई, पिशवी काढायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्याच. आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिशी-पस्तिशीतल्या बाया होत्या त्यात. अंगावरून जास्त जातंय, पांढरं जातंय, एवढ्यावर "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवायचे. कोयता (ऊसतोड) थांबला की उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटत नाही, मग बाई म्हणायची काढून टाका एकदाची. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं की पुढे हाडं ठिसूळ होतात, घामाचे लोट येतात. ते सगळं मी रोज बघते.

दवाखाना_सुटल्यावर | १८ ऑगस्ट, रात्री १०:४०

सुपारीची वाडी, पहिलं काम म्हणजे गर्भचाचणी. हो, ४४ व्या वर्षीसुद्धा. या वयात बीज अधूनमधून सुटत राहतं. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधक सुरू ठेवायचं असतं.

चाचणी निगेटिव्ह आली की हिमोग्लोबिन, थायरॉईड, आणि अस्तराची जाडी बघून गरज वाटली तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. दवाखान्यातलं लहान काम आहे. कॅन्सरची भीती खरी की खोटी हे तो रिपोर्ट सांगतो, अंदाज नाही. लहान गाठ बऱ्याचदा काही न करता तशीच राहते. गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी गर्भाशयातली तांबीसारखी वस्तू आहे, तिने रक्तस्राव खूप कमी होतो. पिशवी काढणं काहींना खरोखर लागतं, मीही करते, पण ते या सगळ्यानंतर.

आणि जिची पाळी जाऊन वर्ष उलटलंय तिला नंतर एक डाग जरी पडला तरी तिने लगेच दाखवावं.

अबोली | २१ ऑगस्ट, सकाळी ९:१०

काल पाळी आली. चांगली भरपूर, कंबर नेहमीसारखी धरलीय. पुढची आता सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, त्यामुळे गौरींसाठी गोळीचा प्रश्नच उरला नाही. सासूबाईंना फोन करून खरं काय ते सगळं सांगितलं. त्या बराच वेळ बोलत होत्या. वर्षानुवर्षं सणाच्या आधी त्या स्वतः ती गोळी घेत आल्या, पायाला सूज यायची तरी कुणाला बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांना इथे आणून तपासून घेणार आहोत. डॉक्टर, आम्ही दोघं तांबीबद्दलही विचारायला जाणार आहोत.

रानफूल | २२ ऑगस्ट, सायंकाळी ६:४५

मी सरकारी दवाखान्यातून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेते. आधी महिनाभर डाग पडत होते, आता चार महिने पाळीच नाही. सासू म्हणते रक्त आत साठतंय. दिवस तर गेले नसतील ना?

आशा_गेवराई | २२ ऑगस्ट, रात्री ८:२०

साठत नाही काही. इंजेक्शनने अस्तर पातळच राहतं, मग बाहेर पडायला असतं काय? सुरुवातीला डाग पडणं आणि पुढे पाळी बंद होणं, दोन्ही नेहमीचं. दर तीन महिन्यांनी वेळेवर घेतलं असेल तर काळजी नाही. तारीख उलटून गेली असेल तर आधी किट करून घ्यायचं. बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात-दहा महिने लागू शकतात, तेव्हा लवकर मूल हवं असेल तर आत्ताच नर्सबाईंशी बोल. छाया या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचीही पाळी लांबते, पण पंधरा दिवसांहून जास्त लांबली की त्यांनी चाचणी करायची.

तुझं अंतराचं कार्ड काढून बघ, शेवटची तारीख कोणती लिहिलीय? ती इथे टाक, नाहीतर कार्ड घेऊन तुझ्या आशाताईकडे जा.